बायकांच्या वर्गाचे चित्र

(गटाच्या वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



तैलरंग शिकायचे म्हणून गेली दोन वर्षे मी एकाच चित्राची नक्कल करते आहे. नक्कल म्हटले की लोक नाक मुरडतात. बाईने केली तर विचारतात, भरतकामाचा छाप उतरवणे आणि हे, यांत फरक तो काय? म्हणून आज नकलेविषयीच बोलणार आहे.

चित्र मारी बाश्किर्त्सेफ हिचे, १८८१ सालचे. पॅरिसमधल्या अकादमी ज्युलियाँ या खाजगी कलाशाळेतला बायकांचा वर्ग तिने रंगवला. ती स्वतः तिथेच शिकत होती. एका खोलीत दाटीवाटीने काम करणाऱ्या विद्यार्थिनी, ईझल, एक मानवी सांगाडा. चौथऱ्यावर मॉडेल म्हणून लहान मुलगा, कमरेला कातडे गुंडाळलेला.

माझ्यापुढे असते ती छापील प्रत. तिच्यावर चौकटी आखून त्या कॅनव्हासवर मोठ्या केल्या. पहिला थर बर्न्ट अंबरचा, टर्पेंटाइनमध्ये पातळ केलेला. त्यात फक्त उजेड आणि सावली. त्यावर रंग. खालच्या थरात तेल कमी आणि वर चढत जाताना जवसाचे तेल जास्त, हा नियम. उलटे केले तर वरचा थर आधी आवळतो आणि पुढे त्याला तडे जातात. तैलरंग पाण्यासारखा उडून वाळत नाही. तेल हवेतला प्राणवायू घेत हळूहळू घट्ट होते, त्याला दिवस लागतात. घरकाम करणाऱ्या बाईला हे फार सोयीचे! कुकरची शिट्टी झाली, उठलात, परत आलात, तरी रंग ओलाच.

सगळ्यांत जास्त दिवस गेले ते गडद कपड्यांत. एकीचा काळा झगा दुसरीच्या काळ्या झग्याला टेकलेला. ट्यूबमधला काळा फासला तर सगळ्या मिळून एकच ढीग होतो. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट अंबर मिसळून काळा करायचा. निळा वाढवला की तो थंड होतो, तपकिरी वाढवला की उबदार. डोळे किलकिले करून पाहायचे, कुठली कड धारदार आहे आणि कुठली सावलीत विरते. असे करता करता त्या गर्दीतल्या बायका एकेक करून वेगळ्या झाल्या.

मग अडते ते बाहीपाशी. आत कोपर कुठे आहे हे ठाऊक असल्याशिवाय बाहीची चुणी पडत नाही. शरीर पाहून काढायला मिळणे हाच तेव्हा भांडणाचा मुद्दा होता. सरकारी एकोल दे बोझार बायकांना १८९७ पर्यंत बंद होते. नग्न मॉडेलसमोर स्त्रीपुरुष एकत्र कसे बसणार, हे एक कारण दिले जाई. लूव्रमध्ये जुन्या चित्रांच्या नकला करायला मात्र बायकांना मुभा होती. म्हणजे आज ज्या नकलेला हसतात, ती अनेकींची शाळाच होती. अकादमी ज्युलियाँमध्ये बायकांना मॉडेल मिळे, पण फी पुरुषांच्या जवळजवळ दुप्पट. ती भरू शकणाऱ्याच घरच्या या मुली, हेही विसरू नये. बाश्किर्त्सेफ स्वतः श्रीमंत होती, तरी गप्प बसली नाही. युबर्तिन ओक्लेर यांच्या 'ला सितुआयेन' या स्त्रीवादी पत्रात तिने पोलीन ओरेल या टोपणनावाने लिहिले, बोझारची दारे बायकांना उघडा म्हणून. १८८४ साली ती क्षयाने गेली, तेव्हा पंचविशीत होती. दारे उघडलेली तिने पाहिली नाहीत.

माझ्या चित्रात आता त्या मुलाचे पाय राहिले आहेत. छापील प्रतीतून पावलाचा भार कळत नाही, त्याला समोर उभे माणूस हवे. म्हणून पुढच्या महिन्यापासून दर रविवारी दुपारी कार्यालयाच्या मागच्या खोलीत बसायचे ठरवले आहे. मॉडेल म्हणून आळीपाळीने आपणच उभ्या राहू, वीस मिनिटे उभे आणि पाच मिनिटे विश्रांती. ईझल दोन आहेत. तिसऱ्याची सोय कुणाकडे असेल तर सांगा.