स्वतःला खर्ची घालणारे विकर
(वार्षिक सभेनिमित्त भातकुली येथे दिलेल्या व्याख्यानाचा सारांश)



आपला भातकुली तालुका खारपाणपट्ट्यातला. जमिनीत साचणारा क्षार पिकाच्या पानावर दिसू लागतो तेव्हा नुकसान होऊन गेलेले असते, हे येथील शेतकऱ्यास सांगावयास नको. शरीरातील पेशींचेही असेच न दिसणारे नुकसान होत असते. ते भरून काढणाऱ्या एका विकराविषयी, म्हणजेच एन्झाइमविषयी, आज बोलावयाचे आहे.

डीएनए हा चार अक्षरांत लिहिलेला पेशीचा ग्रंथ होय. तंबाखूतील नायट्रोसअमाइन या द्रव्यांमुळे त्यातील ग्वानिन या अक्षराला मिथिल नावाचा रासायनिक गट चिकटू शकतो. मग पेशी विभागताना त्या अक्षरासमोर सायटोसिनऐवजी थायमिन बसते आणि ती चूक पुढील पेशींत कायम होते. अशा चुका मर्मस्थानी साचल्या की कर्करोगाचा पाया घातला जातो.

एमजीएमटी हे विकर तो गट उचलून स्वतःवर घेते. जीवाणूंमधील अशा प्रथिनाची ही रीत टोमास लिंडाल व त्यांच्या सहकाऱ्याने १९८० साली दाखविली. डीएनए-दुरुस्तीच्या संशोधनासाठी लिंडाल, पॉल मॉड्रिच व अझीझ सँकार यांना २०१५ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. इतर विकरे एकच काम असंख्य वेळा करतात; याचा एक रेणू मात्र एकदाच कामी येतो आणि मोडीत निघतो. जितके घाव, तितके नवे रेणू पेशीला घडवावे लागतात.

आता पानठेल्यावरील खर्ऱ्याचा विचार करू. त्यात तंबाखू, सुपारी व चुना एकत्र घोटलेला असतो. सुपारीही कर्करोगकारक असल्याचे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ च्या अहवालात नमूद केले. महाराष्ट्रात २०१२ साली गुटखाबंदी झाली. खर्ऱ्याची सवय मात्र सुटली नाही. दिवसभर गालात पुडी राहिली, तर दुरुस्तीला उसंत कोठून मिळावी? तोंडाच्या काही कर्करोगांत तर हे विकर घडविणारे जनुकच निष्क्रिय झालेले आढळते.

मेंदूतील ग्लिओब्लास्टोमा या गाठीच्या तपासणीतही एमजीएमटीचे नाव येते. तेथे हिशेब उलटा आहे. टेमोझोलोमाइड हे औषध गाठीच्या डीएनएवर असाच घाव घालते आणि हेच विकर तो भरून गाठीला वाचविते. म्हणून ज्यांच्या गाठीत हे जनुक निष्क्रिय असते, त्यांना औषधाचा लाभ अधिक होतो, असे २००५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसून आले. अहवालातील या शब्दाने नातेवाइकांनी घाबरून न जाता डॉक्टरांना त्याचा अर्थ अवश्य विचारावा.

हे विकर बाटलीत भरून देता येत नाही. त्याचा भार मात्र हलका करता येतो. खर्रा सोडणाऱ्याच्या पेशींवर नवे घाव कमी होतात. तोंडात पांढरा वा लाल चट्टा दिसल्यास, तोंड पूर्वीइतके उघडत नसल्यास, किंवा दोन आठवड्यांत न भरणारी जखम असल्यास तपासणी लांबवू नये. देणगीदारांस नम्र विनंती, की उपचारांइतकाच हात गावोगावच्या मुखतपासणीसही लावावा. पेशी आपले काम मुकाट्याने करीत असते. उरलेले काम आपले आहे.