अरण्यांचा हिशेब आणि हिशेबाचे मालक

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील व्याख्यानाचा मजकूर)



जंगलतोडीतून होणारे कर्बवायूचे उत्सर्जन कसे रोखावे, ह्या प्रश्नावर जगभरच्या वृत्तपत्रांत गेली काही वर्षे जोराचा वाद चालू आहे. हा विषय शास्त्रज्ञांचा आणि मुत्सद्द्यांचा आहे, आपला त्याच्याशी काय संबंध, असे काही साथींना वाटते. त्यांना एवढीच आठवण करून द्यावीशी वाटते की, तरुण मार्क्सने १८४२ साली ‘ऱ्हायनिशे त्साइटुंग’ ह्या पत्रात ज्या प्रश्नावर लेखमाला लिहिली, तो प्रश्न जंगलातील सरपणाचाच होता. गरिबाने वेचलेले लाकूड चोरी ठरवावे की हक्क, हा तेव्हाचा वाद. आज वाद लाकडाचा नसून लाकडात साठलेल्या कर्बाचा आहे. पण मालकीचा प्रश्न तोच आहे.

प्रथम पार्श्वभूमी पाहू. २००५ साली माँट्रियल येथील हवामान परिषदेत पापुआ न्यू गिनी आणि कोस्टा रिका ह्या देशांनी एक प्रस्ताव मांडला. उष्ण कटिबंधातील देशांनी जंगले राखावीत आणि त्याचा मोबदला श्रीमंत देशांनी द्यावा, असे त्याचे सार होते. २००७ साली बाली येथे तो वाटाघाटींच्या कार्यक्रमात आला आणि २०१३ साली वॉर्सा येथे त्याची नियमचौकट ठरली. ‘रेड-प्लस’ ह्या नावाने ही योजना ओळखली जाते. ज्या देशांनी दोन शतके कोळसा आणि तेल जाळून वातावरण भरून टाकले, त्यांनी गरीब देशांना पैसे द्यावेत, ह्या मागणीत अन्यायकारक असे काहीच नव्हते. प्रश्न उभा राहिला तो पैसा कोणत्या वाटेने यावा, ह्यावर.

एक वाट सार्वजनिक निधीची होती, दुसरी बाजाराची. बाजाराच्या वाटेवर जंगलातील न झालेली तोड हाच माल बनला. त्याचे कार्बन क्रेडिट तयार करावयाचे, ते कंपन्यांना विकावयाचे आणि कंपनीने त्या बळावर आपल्या धुराड्यांचा हिशेब फेडला असे जाहीर करावयाचे! आयजीच्या जिवावर बायजी उदार, म्हणतात ते हेच.

आता ह्या मालाचे मोजमाप कसे होते ते पाहा. प्रकल्प नसता तर किती जंगल तुटले असते, ह्याचा आधी अंदाज बांधतात. त्यातून प्रत्यक्ष तुटलेले जंगल वजा केले की उरते ती ‘बचत’. म्हणजे अंदाज जितका भीषण, तितका नफा मोठा. सावकाराच्या वहीत कर्जाचा आकडा सावकारानेच लिहावा, तशातला हा प्रकार. जानेवारी २०२३ मध्ये लंडनचे ‘गार्डियन’, जर्मनीचे ‘दी झाइट’ आणि ‘सोर्समटेरियल’ ह्या शोधपत्रकारांच्या गटाने नेमके ह्याच ठिकाणी बोट ठेवले. व्हेरा ह्या जगातील सर्वांत मोठ्या प्रमाणन संस्थेने मंजूर केलेल्या वर्षावनांच्या क्रेडिटांपैकी ९० टक्क्यांहून अधिक क्रेडिटे बहुधा पोकळ आहेत, असा त्यांचा निष्कर्ष होता. व्हेराने तो फेटाळला. अभ्यासाची पद्धत स्थानिक परिस्थिती लक्षात घेत नाही, असे तिचे म्हणणे. त्याच वर्षी ‘सायन्स’ ह्या नियतकालिकात सहा देशांतील २६ प्रकल्पक्षेत्रांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. बहुसंख्य प्रकल्पांनी जंगलतोड लक्षणीय प्रमाणात कमी केलेली नाही, असे त्यात आढळले.

ह्या पत्रकारांनी मोलाचे काम केले, ह्यात शंका नाही. परंतु पुढे वाद कोठे गेला? अंदाजाची सूत्रे कशी सुधारावीत, उपग्रह कोणता वापरावा, ह्यात तो अडकला. जंगलात राहणारी माणसे ह्या हिशेबात कोठे आहेत, हा प्रश्न मागे पडला. कंबोडियातील दक्षिण कार्डमम प्रकल्पावर ह्यूमन राइट्स वॉचने फेब्रुवारी २०२४ मध्ये अहवाल दिला. तेथील चोंग आदिवासींशी सल्लामसलत सुरू होण्यापूर्वी दोन वर्षांहून अधिक काळ प्रकल्प चालू होता, आणि लोकांना शेतांवरून हुसकावण्यात आले, असे त्यात नमूद आहे. प्रकल्पचालकांनी आरोप नाकारले. पण सूत्र कितीही अचूक केले, तरी अशा अन्यायाचे उत्तर सूत्रात सापडत नाही.

साथींनो, येथे उलट्या बाजूच्या चुकीपासूनही सावध राहिले पाहिजे. ‘जंगल राखणे हा परकीयांचा कट आहे, आमच्या सार्वभौमत्वावर घाला आहे’ ही घोषणा ऐकावयास क्रांतिकारक वाटते. २०१९ साली ब्राझीलमध्ये बोल्सोनारो सरकारने तीच दिली. तिचा लाभ मोठे पशुपालक, जमीन बळकावणारे आणि बेकायदा खाणवाले ह्यांना झाला.

ब्राझीलचे आकडे फार बोलके आहेत. २००४ साली ॲमेझॉनमधील सुमारे २७,८०० चौरस किलोमीटर जंगल तुटले. २०१२ साली हा आकडा सुमारे ४,६०० वर आला. हे कार्बनच्या बाजाराने घडवले नाही. उपग्रहांची सरकारी टेहळणी, दंड आणि जप्ती, संरक्षित क्षेत्रे, आदिवासी प्रदेशांची सीमानिश्चिती आणि २००८ पासून कायदा मोडणाऱ्या जमीनमालकांच्या बँककर्जावर निर्बंध, ह्या सार्वजनिक उपायांचा त्यात मुख्य वाटा होता. हे उपाय ढिले पडताच २०२१ साली तोड १३,००० चौरस किलोमीटरवर गेली. ते पुन्हा कडक होताच २०२४ साली ती सुमारे ६,३०० वर उतरली. नॉर्वेने २००८ पासून ॲमेझॉन निधीला दिलेल्या पैशाच्या बदल्यात आपले उत्सर्जन फेडण्याचा हक्क मिळत नाही. नॉर्वेचा पैसा तेलातून आलेला आहे, हे खरेच. तरीही हा फरक ध्यानात ठेवला पाहिजे.

आणि ह्या साऱ्याच्या मुळाशी चिको मेंडिस उभा आहे. आक्रे प्रांतातील रबराचा चीक गोळा करणाऱ्या कामगारांचा हा पुढारी. जंगल कष्टकऱ्यांच्या ताब्यात राहिले तरच ते टिकेल, हा त्याच्या चळवळीचा आग्रह होता. २२ डिसेंबर १९८८ रोजी त्याचा खून झाला.

आपल्या देशाकडे वळू. २००६ च्या वनहक्क कायद्याने सामूहिक वनसंपत्तीचे रक्षण आणि व्यवस्थापन करण्याचा हक्क ग्रामसभांना दिला. गडचिरोलीतील मेंढा-लेखा गावाने २००९ साली तो मिळवला. ओडिशातील नियमगिरीत २०१३ साली बारा ग्रामसभांनी बॉक्साइटची खाण एकमुखाने नाकारली आणि डोंगर वाचला. कोणत्याही क्रेडिटाविना वाचला! परंतु २०२२ च्या वनसंरक्षण नियमांनी केंद्राच्या अंतिम मंजुरीपूर्वी वनहक्कांची पूर्तता झालीच पाहिजे, ही अट काढून ती राज्यांवर ढकलली. म्हणजे आधी जंगल द्यावयाचे, मग लोकांना विचारावयाचे. २०१८ च्या मार्चमध्ये नाशिकहून मुंबईला चालत आलेल्या किसान मोर्चातही वनजमिनीचे पट्टे मागणारे आदिवासी मोठ्या संख्येने होते.

नोव्हेंबर २०२५ मध्ये बेलेम येथे उष्ण कटिबंधीय वनांसाठी नवा जागतिक निधी जाहीर झाला. त्याचा मोठा भाग खासगी गुंतवणुकीतून उभारावयाचा आहे. वृत्तपत्रांत पुन्हा स्तुती आणि टीका सुरू झाली आहे. अशा प्रत्येक योजनेला आपण तीन प्रश्न विचारावेत. जंगलावर हक्क कोणाचा मानला आहे? मिळालेल्या पैशाच्या बदल्यात कोणाला धूर सोडण्याची मुभा मिळते? आणि ग्रामसभेला ‘नाही’ म्हणता येते काय?

ह्या प्रश्नांची उत्तरे आपल्या कार्यकर्त्यांनी गावोगाव लोकांसमोर मांडली पाहिजेत. सामूहिक वनहक्काचे दावे तयार करणे, फेटाळलेल्या दाव्यांची फेरतपासणी मागणे, कोणत्याही कार्बन करारावर ग्रामसभेत वाचन आणि चर्चा झाल्याखेरीज सही होऊ न देणे, ही कामे आजच हाती घेण्यासारखी आहेत. अरण्याचा हिशेब जरूर व्हावा. पण ती वही अरण्यात राबणाऱ्यांच्या हाती असली पाहिजे.