फ्यूज सारखा उडतो तेव्हा

मैत्रिणींनो, गटाची जुनी व्हॅन मसाले घेऊन निघाली, की मागच्या दिव्यांचा 10 ॲम्पिअरचा फ्यूज उडायचा. कुणी म्हणालं, 30 चा टाका. आम्ही नाही म्हटलं. मग फ्यूजऐवजी वायरच जळते, आणि आत आपल्याच बायका बसलेल्या असतात!

आम्ही मागचे बल्ब काढले आणि फ्यूजच्या जागी 12 व्होल्टचा, 21 वॅटचा बल्ब जोडला. दिव्यांचं बटण दाबताच तो लख्ख पेटला. म्हणजे करंट मधेच पत्र्यात उतरत होता. एकीने बल्बवर नजर ठेवली, दुसरी वायर हलवत गेली. मागच्या दाराच्या बिजागरीशी बल्ब विझला. तिथे नंबरप्लेटच्या दिव्याची वायर घासून उघडी पडली होती. बॅटरीची काळी वायर सोडवून तेवढा तुकडा बदलला, वर रबरी नळी चढवली. फ्यूज पुन्हा 10 चाच.