मोतीबिंदू, मापन आणि कृत्रिम बुद्धी
(वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



नांदेड-लातूरकडे मोतीबिंदूची शस्त्रक्रिया आता नवलाची राहिलेली नाही. लातूर जिल्ह्यातील माकेगावचे सुपुत्र, नेत्रतज्ज्ञ डॉ. तात्याराव लहाने यांना २००८ साली पद्मश्री लाभली. उदगीरसारख्या तालुक्याच्या गावीही नेत्ररुग्णालय आहे. तथापि शस्त्रक्रिया झाली म्हणजे कार्य संपले, हा समज आम्हांस अपुरा वाटतो.

गढूळ भिंगाच्या जागी कृत्रिम भिंग बसविण्याचा प्रारंभ १९४९ साली लंडन येथे हॅरॉल्ड रिडली यांनी केला. हे भिंग किती नंबरचे असावे, हे ठरविण्यासाठी डोळ्याच्या पुढील पारदर्शक पटलाचा बाक आणि नेत्रगोलाची लांबी मोजतात. ही लांबी साधारणतः साडेतेवीस मिलिमीटर असते. तीत एका मिलिमीटरची चूक झाली, तर सुमारे अडीच ते तीन नंबरांचा फरक पडतो.

येथे कृत्रिम बुद्धी साहाय्यास आली आहे. अमेरिकेतील डॉ. वॉरन हिल यांची २०१६ साली प्रचारात आलेली पद्धती हजारो नेत्रांची आधीची मापे आणि शस्त्रक्रियेनंतरचा प्रत्यक्ष नंबर यांचा मेळ शिकून नव्या डोळ्यास भिंग सुचविते. अनुभवाबाहेरचा डोळा आल्यास तसे स्पष्ट सांगते. हा प्रामाणिकपणा विद्वानांनीही घ्यावा असा आहे!

आम्ही शिक्षक; उत्तरपत्रिका तपासल्यावाचून विद्यार्थी सुधारत नाही, हे जाणतो. शस्त्रक्रियेनंतरची नंबरतपासणी हीच या विद्येची उत्तरपत्रिका होय. परंतु दिसू लागले, की आपली वडीलधारी मंडळी शेताची वाट धरतात. मग माप बरोबर होते की नाही, हे डॉक्टरांस कळावे कसे? आणि मराठवाड्यातील डोळ्यांची ओळख यंत्रास व्हावी कशी?

दुसरे असे, की मोतीबिंदू पिकेपर्यंत थांबू नये. पिकलेल्या भिंगातून मापनयंत्राचा प्रकाश पार होत नाही. मग ध्वनिलहरींनी मोजावे लागते. त्यात उपकरण डोळ्यावर किंचित दाबले गेले, तरी लांबी कमी भरते.

म्हणून विनंती अशी, की ज्ञातीच्या नेत्रशिबिरांच्या अहवालांत केवळ शस्त्रक्रियांची संख्या न देता, पुनर्तपासणीस किती जण आले, तीही संख्या द्यावी. ज्येष्ठांस डॉक्टरांनी सांगितलेल्या दिवशी पुन्हा नेणे हे घरातील तरुणांचे कर्तव्य आहे. त्यात आपल्या आजीचे हित आहेच. पुढे येणाऱ्या अनोळखी आजीचेही आहे.