सुतारआबांचा सत्कार

(तालुक्याच्या रोटरी क्लबाने आमच्या गावच्या चावडीपुढे भरविलेल्या सत्कारसभेत एका शाळामास्तराने केलेले भाषण.)



आपण ज्यांच्यासाठी जमलो आहो ते सुतारआबा खुर्चीवर किती अवघडून बसले आहेत हे तुम्हांस दिसतच आहे. खुर्च्या त्यांनी पुष्कळ केल्या, पण सभेत त्यांवर बसण्याचा प्रसंग हा पहिलाच. मी बोलणार असे कळताच त्यांनी मला बाजूस घेऊन बजावले की, "मास्तर, लांबवू नका, आणि वाढवून सांगू नका." लांबविणार नाही असा शब्द मी देत नाही. वाढवून मात्र काही सांगणार नाही.

हा क्लब म्हणजे काय, असे आमच्या आळीतील वडीलधाऱ्यांनी विचारले, म्हणून ते आधी सांगतो. अमेरिकेत शिकागो शहरी २३ फेब्रुवारी १९०५ रोजी पॉल हॅरिस नावाच्या वकिलाने तीन स्नेह्यांस जमवून ही संस्था काढली. त्या तिघांत एक कोळशाचा व्यापारी, एक खाणींचा इंजिनियर आणि एक शिवणकामाचा धंदा करणारा शिंपी होता. सभा आळीपाळीने एकेकाच्या कचेरीत भरे, म्हणून फिरती या अर्थाचे रोटरी हे नाव तिला पडले. तिच्या अगदी पहिल्या लोकोपयोगी कामांत शिकागो शहरात सार्वजनिक शौचकूप व्हावेत म्हणून केलेली खटपट होती. आपल्या देशात १९१९ साली कलकत्त्यास तिची पहिली शाखा निघाली.

या संस्थेचा एक नियम मला फार आवडतो. क्लबाचा अध्यक्ष दर साल १ जुलैस बदलतो. कोणी कितीही मोठा असो, वर्ष संपले की खुर्ची सोडावी लागते. आमच्या सोसायटीच्या चेअरमनसाहेबांनी हे ऐकून ठेवावे. (हशा.) पण त्यामुळे असे झाले की, तीस वर्षांत अध्यक्ष तीस आले नि तीस गेले, दरसाल हार पडले, फोटो निघाले, आणि लशीची पेटी खांद्याला लावून चालणारा माणूस तेवढा एकच राहिला. आज हार त्यांच्यापर्यंत पोचला आहे. उशीर क्लबास झाला असे मी म्हणत नाही. क्लब परगावचा. आबा आमचे होते, आणि आम्हांस सुचले नाही.

आता पेटीची हकीकत. पोलिओ हा रोग पूर्वी कोणी दैवाचा फेरा म्हणत, कोणी मागल्या जन्मीचे पाप म्हणत. तो एक विषाणू आहे. घाण पाण्यातून, न धुतलेल्या हातांतून तो मुलाच्या तोंडात जातो, आतड्यात वाढतो, आणि पाठीच्या कण्यातील मज्जातंतूंवर बसला म्हणजे पाय लुळा पडतो. गेलेला पाय परत आणणारे औषध नाही. सुमारे दोनशे मुलांच्या पोटात तो शिरला तर त्यांतील एकाचा पाय जातो. बाकीची धडधाकट हिंडतात आणि रोग पसरवीत राहतात. म्हणून एकट्यादुकट्या मुलास डोस देऊन भागत नाही. साऱ्या मुलांना एकाच वेळी द्यावा लागतो. रोटरीने १९७९ साली फिलिपाईन्स देशात हे काम हाती घेतले आणि १९८५ साली साऱ्या जगासाठी. लस सरकारची, नर्सबाई सरकारच्या. क्लबाचा पैसा आणि माणसे त्यांच्या जोडीला.

आपल्याकडे सारा देश मिळून पहिला डोस ९ डिसेंबर १९९५ रोजी झाला. मी तेव्हा आठवीत होतो, आणि थाळी वाजवीत गावातून फिरणाऱ्या पोरांत होतो. माझ्याच बाकावर बसणाऱ्या माझ्या मित्राचा डावा पाय पोलिओने गेलेला होता. त्याच्या कुबड्या आबांच्या दुकानी होत. पोरगा वाढे तशी कुबडी तोकडी पडे, म्हणून दर जत्रेला नवी जोडी. आजूबाजूच्या पाच-सहा गावांची अशी पोरे आबांकडे येत, आणि त्यांचे पैसे आबांनी कधी घेतले नाहीत. क्लबाचे गृहस्थ प्रथम गावात आले ते झाडाखाली गाडी उभी करून माणूस शोधीत होते. आबा रंधा ठेवून उठले आणि म्हणाले, "ह्या थेंबांनी कुबडी बंद हुईल म्हणता? मग चला." त्यांच्या सेवेचा आरंभ एवढ्यावर झाला. कसली सभा नाही, ठराव नाही.

पहिल्या वर्षी लोक भ्याले. थेंब दिले तर पुढे पोरांना पोर होणार नाही, अशी आवई आठवड्याच्या बाजारातून उठली होती. आबांनी वाद घातला नाही. घरातून दीड वर्षाचा पुतण्या उचलून आणला, सर्वांदेखत त्याच्या तोंडात थेंब घातले आणि त्याला कडेवर घेऊन दिवसभर तेथेच बसून राहिले. तो पुतण्या आज मंडपाचे खांब रोवून मागे उभा आहे, आणि त्याला दोन मुले आहेत. (टाळ्या.)

आता मी एक गोष्ट सांगणार आहे, ती आजवर कोठे बोललो नाही. २००३ साली मी नवा मास्तर होतो आणि डोसाच्या कामावर माझी नेमणूक होती. ओढ्यापलीकडे ऊसतोड्यांच्या कोप्या पडल्या होत्या. माघातली थंडी, वाट काट्यांची, आणि पहाटेस जावे तर बाया अंधारातच फडावर गेलेल्या. मी अलीकडूनच पाहिले आणि वहीत "कोप्या रिकाम्या" असे लिहून मोकळा झालो. संध्याकाळी आबांनी वही चाळली. ते फारसे शिकलेले नाहीत, पण तेवढे त्यांना वाचता येते. त्यांनी ओढ्याकडे बोट केले. तिकडे चुली पेटल्या होत्या. "मास्तर, रिकाम्या कोपीतनं धूर निघतो व्हय?" एवढेच म्हणाले. दुसऱ्या दिवशी पहाटे चार वाजता त्यांनी मला उठविले. पेटीतला बर्फ नवा करून घेतला होता, कारण लस गार राहिली नाही तर ती फुकट जाते. त्या कोप्यांत आम्हांला अकरा मुले सापडली. अकराही जणांच्या डाव्या करंगळीच्या नखावर मी माझ्या हाताने शाईची खूण केली. माझी तक्रार आबांनी कोणाकडे केली नाही. आज मुलांना मी लिहिणे शिकवितो, पण खोटे लिहू नये हे मला सुताराने शिकविले.

त्या कोप्यांतील माणसे टोळीबरोबर आज येथे, तर उद्या दुसऱ्या कारखान्यावर. गावाच्या यादीत ती नसतात. अशीच वगळलेली मुले या रोगाला पुरतात. २००९ साली जगात १६०४ मुलांना पोलिओ झाला, त्यांत ७४१ आपल्या देशातील होती. तरीही १३ जानेवारी २०११ रोजी बंगालमधील हावड्यास सापडलेली मुलगी ही जंगली विषाणूची आपल्या देशातील शेवटची रोगी ठरली, आणि २७ मार्च २०१४ रोजी देश पोलिओमुक्त असल्याचा दाखला मिळाला. दिल्लीत त्याचे समारंभ झाले. आबांनी त्या दिवशी काय केले हे मी विचारले, तर त्यांना आठवत नाही. बहुतेक कोणाच्या गाडीची साटी बसवीत असतील.

या सेवेची किंमत कोणी चुकविली तेही बोलले पाहिजे. डोसाच्या फेऱ्या बहुधा ऊस चालू असताना येत. तेव्हाच बैलगाड्यांच्या दुरुस्तीचे दिवस. सुताराची वर्षाची कमाई तीच. बूथचा एक दिवस, मागाहून घरोघर फिरण्याचे दिवस, आणि काही वर्षी अशा अनेक फेऱ्या. दुकान बंद पाहून गिऱ्हाईक चिडे, ते चार शब्द काकी ऐकून घेत. पहाटे तीनला उठून भाकऱ्या त्या थापीत, त्या नुसत्या आबांपुरत्या नव्हेत, तर सोबतच्या नर्सबाई नि पोरे यांच्याही. कोपीतल्या बायका परक्या पुरुषापुढे मूल काढीनात, तेव्हा आत जाऊन बसणाऱ्या काकीच होत्या. आजच्या निमंत्रणपत्रिकेत त्यांचे नाव नाही. रोटरीच्या नियमांत १९८९ पर्यंत सभासद पुरुषच असावा असे लिहिलेले होते; त्यांनी ते खोडले. आपल्या गावात असे कोठे लिहिलेले नाही, पण पाळतात सगळे.

क्लबाने आज आबांना मानद सभासद करून घेतले. त्यांना वर्गणी पडणार नाही, आणि मान तोच. याबद्दल मी गावातर्फे आभार मानतो. परंतु आबांचे गुडघे आता ओढा उतरू देत नाहीत, आणि काम संपलेले नाही. पाकिस्तान व अफगाणिस्तान या दोन देशांत हा विषाणू अजून आहे. माणसे हिंडतात तसा तोही हिंडतो, म्हणून डोस चालूच आहेत. पुढच्या फेरीची पेटी आरोग्य केंद्रातून पहाटे घ्यावयाची आहे, आणि यंदा कोप्या ओढ्यापलीकडे दोन ठिकाणी पडल्या आहेत. एका ठिकाणी मी जाईन. दुसऱ्यासाठी तरुण मंडळींतून कोणी सभा संपल्यावर माझ्याकडे नाव द्यावे. वही मजजवळ आहे, आणि ती लिहून झाल्यावर आबा तपासणार आहेत. (हशा.)

क्लबाने एकच शाल आणली होती. गावच्या बायांनी काल वर्गणी काढून एक लुगडे आणले आहे. काकी त्या मागल्या खांबाआड बसल्या आहेत. त्यांनी पुढे यावे. माझा तो बाकावरचा मित्र, जो आज बाजारात शिवणयंत्रावर बसतो, तो आपल्या कुबडीवर उभा राहून हे लुगडे त्यांच्या हाती देणार आहे. ये रे बाबा.