पुन्हा पळायची परवानगी



पावसाळ्यात व्हाळाला पाणी आलं की साकवाचं लाकूड शेवाळून बुळबुळीत व्हायचं. दप्तर डोक्यावर धरून, त्यावर एक पाय टेकवून पलीकडे उडी मारायची. मी मसुरे गावचा, शाळेत असताना ती उडी रोज मारली आहे. म्हणून अविनाश साबळेची शर्यत बघताना आजही माझे तळपाय शिवशिवतात.

३००० मीटर स्टीपलचेस. २८ वेळा अडथळा ओलांडायचा आणि ७ वेळा पाण्यावरून उडी घ्यायची. अडथळा ९१.४ सेंटिमीटर उंच, जाडजूड. त्याला धडकलात तर तो जागचा हलत नाही, पडता तुम्हीच. पाण्याच्या खड्ड्यापाशी धावपटू आडव्या लाकडावर पाय रोवतो, अंग पुढे झोकून देतो आणि पाणी जिथे उथळ होत जातं तिथे उतरतो. मग भिजलेल्या बुटांनी पुढचा फेरा.

अविनाश बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातला, मांडव्याच्या शेतकरी घरातला. शाळा सहा किलोमीटर लांब. बारावीनंतर तो लष्करात महार रेजिमेंटमध्ये गेला, सियाचीनला राहिला आणि खरा धावपटू झाला तो त्यानंतर. २०२२ मध्ये बर्मिंगहॅमला त्याचं राष्ट्रकुल सुवर्ण ०.०५ सेकंदाने हुकलं. २०२३ मध्ये हांगझोच्या आशियाई स्पर्धेत त्याने सुवर्ण जिंकलं. हे तुम्हाला ठाऊक असेल. मला सांगायचं आहे ते २०१९ च्या दोह्याबद्दल.

जागतिक स्पर्धेची प्राथमिक फेरी होती. त्याच्यापुढे धावणारे अडखळले, पडले आणि त्याची वाट दोनदा अडली. एका अडथळ्यापाशी तर जवळजवळ थांबून, चढून पलीकडे जावं लागलं. तरीही त्याने ८ मिनिटं २५.२३ सेकंदांचा नवा राष्ट्रीय विक्रम केला, पण अंतिम फेरीत जागा मिळाली नाही. भारतीय पथकाने तक्रार केली आणि ती मान्य झाली.

मुलांनो, तक्रार करणं म्हणजे रडेपणा नव्हे. तुमची वाट कुणी अडवली तर लेखी तक्रार करा, पोच घ्या, पाठपुरावा करा. आपल्याकडे "जाऊ दे ना" म्हणायची सवय फार आहे, आणि तिच्यापायी चांगली माणसं मागे राहिलेली मी पाहिली आहेत.

पण कधी कधी तक्रार करायलाही जागा नसते, कारण चूक आपल्याच माणसाची असते. नेदरलँड्सचा स्वेन क्रेमर बर्फावरच्या लांब पल्ल्याचा स्केटर. आपल्याला बर्फ ठाऊक तो मासळीच्या पेटीतला, त्यांच्याकडे मात्र त्यावरची शर्यत घराघरात बघतात. २०१० च्या व्हँकुव्हर ऑलिंपिकमध्ये १०,००० मीटरला त्याची वेळ सगळ्यांत कमी होती. पण शर्यत चालू असताना प्रशिक्षकाने चुकीच्या मार्गिकेकडे बोट दाखवलं, क्रेमर त्याच्यावर विसंबून तिकडे वळला आणि बाद झाला. कळल्यावर त्याने डोळ्यांवरचा चष्मा काढून फेकला. तरी त्या प्रशिक्षकाला त्याने सोडलं नाही. ५,००० मीटरचं सुवर्ण त्याने २०१४ आणि २०१८ मध्ये पुन्हा जिंकलं. १०,००० मीटरचं ऑलिंपिक सुवर्ण मात्र त्याला कधीच मिळालं नाही. त्याने चष्मा भिरकावला ते मी समजू शकतो. त्याच माणसाबरोबर पुन्हा सरावाला उभं राहणं मला जमलं असतं का, हे मात्र मी छातीठोकपणे सांगू शकत नाही.

अविनाशला न्याय मिळाला. पण मिळालं काय? वाया गेलेले सेकंद कुणी परत दिले नाहीत. मिळाली ती पुन्हा पळायची परवानगी. तेच २८ अडथळे, तेच पाणी, आणि समोर जगातले सगळ्यांत वेगवान धावपटू. प्राथमिक फेरीनंतर तीन दिवसांनी तो अंतिम फेरीत उतरला आणि तेरावा आला. टोकियो ऑलिंपिकच्या पात्रतेसाठी ८ मिनिटं २२ सेकंदांच्या आत यायला हवं होतं. त्याने रेषा ओलांडली तेव्हा घड्याळात ८ मिनिटं २१.३७ सेकंद झाले होते.