विमानाचं इंग्रजी आणि आमची टी.पी.

(गडचिरोली-चंद्रपूर भागातल्या स्त्री कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा हा मजकूर. बोलण्याचा ओघ तसाच ठेवला आहे.)



मला 'भाषा आणि सत्ता' या विषयावर बोलायला सांगितलं आहे. विषय मोठा आहे आणि माझ्याजवळ अनुभव छोटा आहे. तेव्हा मी तुम्हाला फक्त पाच बायकांची, तीन संध्याकाळच्या शिकवणीची आणि माझ्या एका चुकीची गोष्ट सांगणार आहे.

२०१९ सालच्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाचा तो आदेश आला, तुम्हाला आठवत असेल. वनहक्काचे ज्यांचे दावे नामंजूर झाले, त्यांना जंगलातून काढा, असा. तारीख १३ फेब्रुवारी. पुढं २८ तारखेला त्याला स्थगिती मिळाली, पण मधल्या पंधरा दिवसांत गावागावांत झोप उडाली होती. ज्यांचा दावा एका कागदासाठी अडला होता, त्यांना वाटलं, आता नांगर उचलायचा की बिऱ्हाड? त्यानंतर त्याच वर्षी दिल्लीत एक बैठक ठरली आणि आमच्या भागातल्या पाच बायकांनी तिथं जाऊन बोलावं असं ठरलं. रेल्वेची तिकिटं मिळेनात. आपल्याकडे वर्षानुवर्षं गडचिरोली जिल्ह्यातलं रेल्वे स्टेशन म्हणजे एकटं वडसा. शेवटी बोलावणाऱ्यांनीच नागपूरहून विमानाची तिकिटं काढली.

पाचांपैकी एकीनंही विमान जवळून पाहिलं नव्हतं. एक सहावी शिकलेली, दोघी सही करणाऱ्या, दोघी अंगठा लावणाऱ्या. घरात गोंडी, बाजारात झाडीपट्टीची मराठी. मी ठरवलं, यांना विमानाचं इंग्रजी शिकवायचं. रात्री बसून तीस शब्दांची यादी केली. चेक-इन, बोर्डिंग पास, सिक्युरिटी, बॅगेज, गेट, डिपार्चर, अरायव्हल, डिले, सीट बेल्ट, लाइफ जॅकेट, इमर्जन्सी एक्झिट. मोठ्या अक्षरांत देवनागरीत लिहून भिंतीला चिकटवली आणि छडी तेवढी हातात घ्यायची राहिली होती.

पहिल्या संध्याकाळी पाच-सात शब्द झाले आणि त्यांतली सर्वांत वयस्क, तिला आम्ही सगळ्या मावशी म्हणतो, ती म्हणाली, "इतके शब्द पाठ करून मी कोनासंगं बोलू ताई? मले इचाराले शिकव."

मी गप्प झाले. माझ्या यादीत तीस वस्तूंची नावं होती आणि एकही प्रश्न नव्हता. पाटी वाचता आली की झालं, असं मी धरून चालले होते. पाटी वाचणारी बाई पाटी नसेल तिथं अडते. विचारणारी अडत नाही.

मग यादी बदलली. पहिलं वाक्य ठरलं: "हिंदी प्लीज." दुसरं: "अगेन प्लीज", म्हणजे पुन्हा सांगा. तिसरं: तिकीट पुढं करून "व्हिच गेट?" चौथं: "आय नीड हेल्प." पाचवं: "नो", आणि त्याच्यापुढं प्लीज नाही. हे पाचवं त्यांनीच घालायला लावलं. एवढी पाच वाक्यं पहिल्या रात्री पाठ झाली.

दुसऱ्या दिवशी मला दुसरा धडा मिळाला. मी समजत होते, यांना इंग्रजी येत नाही. बसल्या बसल्या आम्ही मोजलं, की या बायकांना किती इंग्रजी शब्द येतात. फॉरेस्ट, गार्ड, रेंजर, डेपो, बीट, केस, सर्व्हे, प्लॉट, अपील, तारीख पडली की वकिलाचा 'स्टे'. साठाच्या वर गेले, मग मोजणं सोडलं. सगळे शब्द सरकारकडून आलेले, आणि बहुतेक शब्दांबरोबर काहीतरी घरातून गेलेलं: सरपणाची मोळी, कुऱ्हाड, दंडाचे पैसे. इंग्रजी आमच्या जंगलात फार जुनं आहे. फक्त ते आमच्यावर बोललं गेलं, आम्ही ते कोणाशी बोललो नाही.

आणि मग बोर्डिंग पास समजावताना गंमत झाली. मी सांगत होते, हा कागद दाखवल्याशिवाय पुढं सोडत नाहीत, त्यावर नाव असतं, कुठून कुठं ते असतं, तारीख-वेळ असते. एकजण पटकन म्हणाली, "म्हंजे टी.पी. होय की!"

टी.पी. म्हणजे ट्रान्झिट पास, वाहतूक परवाना. बांबू जंगलाबाहेर न्यायचा तर हा कागद लागतो. हा कागद कुणी द्यायचा, यावर आपल्या भागात केवढी लढाई झाली, हे इथं नव्यानं सांगायला नको. मेंढा-लेखाला २००९ साली सामूहिक वनहक्क मिळाला, तरी आपलाच बांबू विकायला टी.पी. मिळेना. २०११ साली ती पुस्तकं ग्रामसभेच्या हातात आली. तेव्हा टी.पी. काय असते, ती नसली की माल कसा नाक्यावर अडतो, कागदावरचं एक अक्षर चुकलं तर काय होतं, हे आमच्या बायकांना मी काय शिकवणार? तिकिटावरचं नाव आणि आधार कार्डावरचं नाव सारखं हवं, हे त्यांना एका वाक्यात कळलं. उलट त्यांनीच दोन तिकिटांवरची नावाची चूक पकडून वेळेत दुरुस्त करायला लावली.

तिसऱ्या संध्याकाळी अक्षरं घेतली. विमानात एका ओळीत सहा जागा असतील तर त्यांना ए, बी, सी, डी, ई, एफ म्हणतात. ए आणि एफ खिडकीच्या, सी आणि डी वाटेच्या कडेच्या. बुकिंगचा नंबरही सहा अक्षरी-आकडी असतो. विमान चालवणारे लोक रेडिओवर अक्षर चुकीचं ऐकू जाऊ नये म्हणून अल्फा, ब्राव्हो, चार्ली असं म्हणतात, हे मी सांगितलं. झालं, बायकांनी आपली बाराखडी काढली. ए आवळ्याचा, बी बांबूचा, सी चारोळीचा, डी डिंकाचा. ई ला अडलं, शेवटी इलेक्शनचा. एफला विचार करावाच लागला नाही. एफ फॉरेस्टचा. पुढं एच हिरड्याचा, एम मोहाचा, टी तेंदूचा. ज्या दोघी अंगठा लावतात त्यांनाही ही सहा अक्षरं एका रात्रीत ओळखू यायला लागली. साक्षरतेच्या वर्गात 'ए फॉर ॲपल'वर त्यांची किती संध्याकाळ गेली असेल! सफरचंद कुणी पाहिलं होतं?

मास्कचीही गोष्ट सांगते. विमानात हवा कमी झाली तर वरून मास्क खाली येतात, आधी स्वतःचा लावायचा, मग लेकराचा, असं मी सांगितलं. सगळ्या एकदम बोलल्या, असं कसं? लेकराला आधी. मी सांगितलं, तेवढ्या उंचीवर थोड्या सेकंदांतच शुद्ध हरपू शकते, आईच पडली तर लेकराला कोण लावणार? मावशी बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "हे घरी कोनी सांगतलंच नाई." यावर मी भाष्य करत नाही, तुमच्या गटात चर्चा करा.

आता माझी चूक. नागपूरला सगळं नीट झालं. तपासणीत चंचीतला अडकित्ता काढून घेतला, एवढंच. आत बसल्यावर मावशीची जागा नेमकी संकटकाळच्या दाराशी आली. तिथं बसणाऱ्याला विमानातल्या कर्मचारी आधी विचारतात, की वेळ आली तर दार उघडायला मदत कराल ना, सूचना समजतात ना. हा नियम योग्यच आहे. त्या मुलीनं इंग्रजीत विचारलं. मावशी तोंड उघडणार, तेवढ्यात मी मागच्या ओळीतून उभी राहून म्हणाले, "शी डझन्ट नो इंग्लिश." त्या मुलीनं मान डोलावली आणि मावशीला उठवून दुसरीकडे बसवलं.

दिल्लीत उतरल्यावर मावशी मला म्हणाली, "मी 'हिंदी प्लीज' म्हननार होतो. तूच बोल्लीस." वणवा लागला की ही बाई पुढं असते. दार उघडून माणसं बाहेर काढायची, तर विमानातल्या अर्ध्या लोकांपेक्षा तिचा हात आधी चालला असता. तिला भाषा येत नाही म्हणून नाही, मी मध्ये बोलले म्हणून ती उठवली गेली. तीन दिवस मी तिला विचारायला शिकवलं आणि विचारायची वेळ आली तेव्हा तिचं वाक्य मीच खाल्लं. आपण कार्यकर्त्या हे किती वेळा करतो? तहसीलमध्ये, पोलीस ठाण्यात, दवाखान्यात? "ती म्हणते आहे की..." असं आपण सुरू करतो, तेव्हा ती अजून काही म्हणालेलीच नसते.

कुणी म्हणेल, मग इंग्रजीची गरजच नाही का? आहे. १२ नोव्हेंबर १९९६ ला हरियाणात चरखी दादरीजवळ सौदी आणि कझाक अशी दोन विमानं आकाशात एकमेकांवर आदळली. ३४९ माणसं गेली. चौकशीत जी कारणं पुढं आली, त्यांत कझाक चालक-दलाचं अपुरं इंग्रजी हेही होतं. वैमानिक आणि नियंत्रक यांच्यात एक समान भाषा हवीच. २००८ पासून आंतरराष्ट्रीय उड्डाणांसाठी त्यांच्या इंग्रजीची ठरावीक पातळीही तपासली जाते. पण ती अट दोन्हीकडच्या कामगारांवर आहे, मागं बसलेल्या माणसावर नाही. प्रवाशाला जीव वाचवण्याची सूचना कळली पाहिजे, ही जबाबदारी सांगणाऱ्याची आहे.

आणि संकटात वैमानिक जो शब्द उच्चारतात, 'मेडे', तोही मुळात इंग्रजी नाही. 'मला मदत करा' या अर्थाच्या फ्रेंच बोलण्यावरून १९२० च्या दशकात लंडनच्या क्रॉयडन विमानतळावर तो घेतला. त्यांनी आपल्या जिभेला वळेल तसा वळवला. मग आमच्या बायका 'बोडिंग पास' म्हणाल्या तर कुणी हसायचं कारण नाही.

दिल्लीच्या बैठकीत मावशी तिच्या भाषेत बोलली, दुसरीनं हिंदी केलं. मी खाली बसले होते. मला तेव्हा पंडिता रमाबाई आठवल्या. १८८२ साली हंटर आयोगापुढं त्यांनी स्त्रीशिक्षणावर साक्ष दिली ती मराठीत, आणि तिचं इंग्रजी भाषांतर आयोगाला करून घ्यावं लागलं. इंग्रजी शिकून त्या पुढच्याच वर्षी बोटीनं इंग्लंडला गेल्या. पण म्हणणं मांडायला त्या इंग्रजी येईपर्यंत थांबल्या नाहीत.

परतीला आमचं गेट बदललं. घोषणा झाली तेव्हा मी बाथरूमच्या रांगेत होते. मावशीला 'नागपूर', 'गेट' आणि 'चेंज' एवढं कळलं. तिनं पास पुढं करून एका गणवेशातल्या मुलाला विचारलं, "व्हिच गेट? हिंदी प्लीज." चौघींना घेऊन ती निघाली आणि एकीला मला शोधायला पाठवलं.

शेवटी एक विनंती. आपापल्या गटात अशी यादी करा. विमानाचीच नको, एस.टी. डेपोची, बँकेची, कोर्टाची करा. आधी प्रश्न लिहा, नावं मागून येतील. अक्षरांना आपल्या गावची झाडं लावा. आणि यादीच्या खाली आपल्या स्वतःसाठी, शिकवणाऱ्यांसाठी, एक ओळ लिहून ठेवा: ती बोलेपर्यंत मी थांबेन. माझ्या वहीत ती आहे. अजून दर वेळी पाळता येत नाही.